एकाच घरातले दोन शिपाई

माझ्या लहानपणी आमच्या खटाव तालुक्यात दोन तऱ्हांचे म्हातारे होते. काही पत्रीसरकारातले, काही पलटणीतले. पत्रीसरकारातल्यांना पंधरा ऑगस्टला शाळेच्या ओट्यावर खुर्ची मिळायची, गुरुजी हार घालायचे. मग ते नाना पाटलांच्या सभांच्या, रानातल्या मुक्कामांच्या, फौजदाराला दिलेल्या हुलकावणीच्या गोष्टी सांगायचे. आम्हा पोरांना त्या पाठ झाल्या होत्या, तरी दर वर्षी ऐकाव्याशा वाटायच्या. पलटणीतले म्हातारे पारावर तंबाखू मळत बसलेले असायचे. पाठ ताठ, वहाणा स्वच्छ, धोतराची घडी नेटकी. "कुठं होता हो तुम्ही लढाईत?" म्हणून विचारलं, की "लई लांब" म्हणायचे आणि बोलणं पावसावर न्यायचे.

माझे आबा पलटणीतले. आजीचे थोरले भाऊ, म्हणजे माझ्या वडिलांचे मामा, पत्रीसरकारातले. आम्ही नातवंडंही त्यांना मामाच म्हणायचो. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे. पेरणीला मामा आमच्याकडे यायचे, सुगीला आबा त्यांच्याकडे जायचे. मामा बोलायचे आणि आबा ऐकायचे.

आबा १९८६ साली गेले. तोवर त्यांच्या तोंडून लढाईचं अवाक्षरही मी ऐकलं नव्हतं. माझ्याकडे होत्या त्या इतरांनी सांगितलेल्या गोष्टी. काही आजीच्या, काही आबांच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या आक्काआजीच्या, काही मामांच्या. त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. कुणी म्हणे आबा इजिप्तात होते, कुणी म्हणे इटलीत, आणि आक्काआजी तर ठामपणे सांगायची, "दादा रोमच्या डोंगरात मेंढरं राखत हुता." आम्ही ते ऐकून घ्यायचो. म्हाताऱ्या माणसांची गोष्ट, इकडचं तिकडं झालं असेल, असं सगळ्यांना वाटायचं.

नव्वदच्या दशकात आजीची ट्रंक उघडली गेली. पेन्शन न मिळालेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देतं, असं गावात कळलं. आजीच्या लुगड्यांखालून आबांचं डिस्चार्ज बुक निघालं. फडक्यात बांधलेलं, कडा झिजलेलं. उंची, छातीचं माप, ओळखीची खूण, जात, गाव, तालुका. ते घेऊन मी आजीबरोबर साताऱ्याला जिल्हा सैनिक कार्यालयात गेलो. बाकावर शेजारी एक निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, पलटणीचं नाव वाचलं आणि उठून उभे राहिले. म्हणाले, "टू-फाइव्ह मराठा. काली पंचवीन! अरे, ही पलटण तोब्रुकला पुरी सापडली होती." मग आजीकडे वळून विचारलं, "मालक कैदेत होते ना, आई?"

आजीनं मान हलवली. व्हय म्हणाली नाही, न्हाई म्हणाली नाही. पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हे तिला ठाऊक होतं.

'काली पंचवीन' हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनचं जुनं नाव. १९२२ च्या फेररचनेआधी ती १०५ वी मराठा होती. फेररचनेनंतर सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि बेळगाव हे तिचं केंद्र झालं. दुष्काळी पट्ट्यातल्या गावांतून बेळगावची वाट तेव्हाच मळलेली होती. साताऱ्याजवळच्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं कितीतरी गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष लढाईला गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. अशा पाट्या मी चावडीच्या भिंतीत पाहिल्या आहेत, देवळाच्या आवारात पाहिल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाची अशी पाटी आमच्या भागात माझ्या पाहण्यात नाही. १९३९ मध्ये सुमारे २ लाखांची असलेली हिंदी फौज युद्ध संपेपर्यंत २५ लाखांवर गेली, त्यांतले सुमारे ८७,००० परत आले नाहीत. पण पाट्या लावणारं सरकार १९४७ मध्ये गेलं, आणि नव्या सरकारला आठवण ठेवायला दुसरी माणसं होती.

भरतीची गोष्ट आजी सांगायची ती अशी. आबा पुसेगावला जत्रेला बैल बघायला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. बरोबरच्या माणसानं घरी येऊन सांगितलं, की भरतीवाल्यांनी छाती मोजली आणि नेलं. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. पुढं कधीतरी रेजिमेंटच्या दप्तरातल्या लाँग रोलमधल्या आबांच्या नोंदीचा उतारा मला मिळाला. नंबर, नाव, गाव आणि भरतीची तारीख, जानेवारी १९४०. जत्रा मार्गशीर्षातली, म्हणजे डिसेंबरची, तेव्हा आजीचा महिना चुकला असं मी धरून चाललो होतो. पण जुनं पंचांग काढलं तर १९३९ साली अधिक महिना होता, त्यामुळं मार्गशीर्षाची अमावास्या जानेवारीत आली होती. आजी बरोबर होती. त्यानंतर म्हाताऱ्यांच्या गोष्टी मी वेगळ्या कानांनी ऐकायला लागलो.

काली पंचवीन चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या अकराव्या ब्रिगेडमध्ये उत्तर आफ्रिकेत होती. जून १९४१ मध्ये इजिप्त-लिबियाच्या सीमेवर हलफाया खिंडीपाशी ती लढली. वर्षभरानं, जून १९४२ मध्ये, ती तोब्रुकच्या वेढ्यात होती. तोब्रुक हे लिबियाच्या किनाऱ्यावरचं बंदर. १९४१ मध्ये ते महिनोन्‌महिने लढवलं गेलं होतं, म्हणून त्याच्या नावाला मोठं वजन आलं होतं. पण आबा तिथं पोचले तेव्हाचं तोब्रुक ते उरलं नव्हतं. रणगाडे अडवायचे खंदक वाळूनं भरत आले होते, सुरुंग काढून दुसऱ्या मोर्चावर नेले होते. सगळ्याचे सेनापती दक्षिण आफ्रिकेचे मेजर जनरल क्लॉपर. रोमेलनं हल्ल्यासाठी आग्नेयेची बाजू निवडली, आणि तिथं जी पलटण मातीत बसली होती ती आमची.

२० जूनला पहाटे साडेपाचच्या सुमाराला जर्मन विमानं आली आणि त्यांनी मराठ्यांच्या मोर्चावर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. त्यामागून तोफा, त्यामागून सुरुंग काढणारे, त्यामागून रणगाडे. सकाळ संपायच्या आत त्या बाजूची फळी फुटली. त्याच ब्रिगेडमधले गुरखे आणि कॅमेरॉन हायलँडर्स शरणागतीनंतरही काही काळ लढत राहिले. २१ तारखेला क्लॉपर यांनी तोब्रुक दिलं. सुमारे ३३,००० माणसं कैद झाली. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनला रूझवेल्ट यांच्याबरोबर होते. बातमीचा कागद त्यांच्या हातात तिथं पडला. रोमेल फील्ड मार्शल झाले. लढाईच्या पुस्तकांत यापुढं चर्चिल यांना काय वाटलं, रोमेल यांना काय मिळालं, क्लॉपर यांचं चुकलं का, यांवर पानंच्या पानं आहेत. फुटलेल्या फळीतल्या पलटणीबद्दल बहुतेक ठिकाणी एक-दोन वाक्यं. मला ती वाक्यं वाचताना राग येतो. ज्या जागी विमानं, तोफा आणि रणगाडे एकवटून टाकले, त्या जागेवरची माणसं 'मागं रेटली गेली' एवढ्यात संपतात. ती जिथं बसली होती ती जागा त्यांनी निवडलेली नव्हती, आणि खंदकातली वाळू उपसायचा हुकूम देणंही त्यांच्या हातात नव्हतं.

आषाढात गावात तार आली. शाळेच्या मास्तरांनी वाचली, बेपत्ता. माझी खापरपणजी म्हणावी अशी एक बाई तेव्हा घरात होती, आबांची आजी. ओसरीवर रडारड सुरू झाली तेव्हा तिनं काठी आपटली. "कुकू पुसायचं न्हाई. मढं कुनी बघितलंय का?" आक्काआजी हे सांगताना तोच आवाज काढायची. दर महिन्याला मनीऑर्डर येत राहिली, त्याचा अर्थ घरात दर वेळी नव्यानं लावला जायचा. सरकार मेलेल्या माणसाचा पगार कशाला पाठवील, असं म्हणत एक-एक महिना काढला.

त्या वर्षी घरावर दुसरंही आलं. ऑगस्टमध्ये 'चले जाव' झालं आणि सातारा जिल्हा पेटला. ३ सप्टेंबरला तासगावच्या, ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर मोर्चे गेले. वडूजला परशुराम घार्गे तिरंगा घेऊन पुढं होते, पोलिसांनी गोळीबार केला, आणि त्यांच्यासह नऊजण हुतात्मे झाले. मामा त्या मोर्चात होते. गोळ्या सुटल्यावर ते ज्वारीच्या रानातून पळाले ते घरी गेलेच नाहीत. नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजेच पत्रीसरकार, उभं राहिलं तेव्हा निरोप पोचवायच्या कामाला लागले. म्हणजे त्या एका पावसाळ्यात आजीचा नवरा वाळवंटात तारांच्या कुंपणात होता आणि भाऊ रानात भूमिगत. एकजण राजाच्या बाजूनं लढताना धरला गेला होता, दुसऱ्याला राजाचे पोलीस धरायला बघत होते. ती तेव्हा अठराची असेल.

आबा लिबियातून इटलीला गेले ते समुद्रानं, यात शंका नाही. सगळेच कैदी तसेच गेले, मालवाहू जहाजांच्या पोटात कोंबून. या जहाजांवर कैदी आहेत याची खूण नसायची, आणि भूमध्य समुद्रात ब्रिटिश पाणबुड्या टपून असायच्या. १७ ऑगस्ट १९४२ ला 'निनो बिक्सिओ' या जहाजाला पाणतीर लागले, त्यात कैदी शेकड्यांनी मेले. १३ ऑक्टोबरला 'लोरेटो' बुडालं, तेही ब्रिटिश पाणबुडीच्याच माऱ्यानं. त्यावर भारतीय कैदी होते, शंभराहून अधिकजण सिसिलीजवळच्या पाण्यात गेले. वाचताना मला तापोळ्याची आठवण झाली. कोयनेचं धरण झाल्यावर आमचे एक नातेवाईक त्या बाजूला होते आणि लाँचनं पलीकडं जावं लागायचं. आबा लाँचमध्ये पाय ठेवत नसत. एकदा वऱ्हाडातल्या सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा ते काठावरून चालत निघाले आणि सगळी माणसं जेवून उठल्यावर पोचले. वडील म्हणायचे, दुष्काळातला माणूस, पाण्याची सवय नाही. ते खरंही असेल. पण त्यांना विहिरीत सूर मारताना मी पाहिलेलं आहे.

भारतीय कैद्यांची इटलीतली मोठी छावणी अवेझानोला होती. ९१ नंबरची. रोमच्या पूर्वेला, अब्रुझ्झोच्या डोंगरात. तिथून आबांचं रेडक्रॉसचं कार्ड आलं. मी सुखरूप आहे, काळजी करू नका, एवढाच मजकूर, तोही छापील. खाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात नाव, कारण आबांना लिहिता येत नव्हतं. वर सेन्सॉरचे शिक्के. लंडनच्या इंडिया हाउसमधून 'इंडियन कम्फर्ट्‌स फंड' या कैद्यांना पुडकी पाठवायचा. त्यांत डाळ, तांदूळ, मसाला, चहा असायचा. युरोपातल्या १५,००० च्या आसपास भारतीय कैद्यांनी त्या पुडक्यांवर दिवस काढले. इटालियन रेशनच्या पाणचट सारावर ते जगले असते का, मला शंका आहे.

या कार्डाची आक्काआजीची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

१९४३ च्या उन्हाळ्यात एका पहाटे घराला पोलिसांनी वेढा दिला. मामा आदल्या रात्री बहिणीकडं भाकरी खायला आले होते आणि उजाडायच्या आत निघणार होते. निघता आलं नाही. आजीनं त्यांना बळदात उतरवलं आणि वर ज्वारी लोटली. नाकापाशी सूप पालथं घातलं, म्हणजे श्वासाला जागा राहील. फौजदार घरात आला. सासऱ्यांना बाहेर काढलं, चूल उकरली, गोठ्यातली वैरण ओढली. मग त्याची नजर देव्हाऱ्याकडं गेली. देवांच्या मागं आबांचं कार्ड लावून ठेवलेलं होतं. त्यानं ते हातात घेतलं, शिक्के बघितले, विचारलं, "हा कोण?" आबांच्या वडिलांनी सांगितलं, "माझा ल्योक. सरकारच्या पल्टनीत. तिकडं कैदेत हाय." फौजदार जरा वेळ उभा राहिला. मग त्यानं कार्ड होतं तिथं ठेवलं, पायांतले बूट काढले नव्हते म्हणून माघारी सरला, आणि शिपायांना म्हणाला, "चला. हे सरकारी माणसाचं घर आहे." बळदाकडं कुणी गेलं नाही.

मी ही गोष्ट मामांनाही विचारली होती. त्यांनी ज्वारीतलं सगळं सांगितलं, अंगाला लागलेली खाज, नाकात गेलेला भुसा, वरून येणारे बुटांचे आवाज. कार्डाचं त्यांनी सांगितलं नाही. ते बळदात होते, त्यांना दिसलं नसणार. पण नंतर तर कळलं असणारच. पंधरा ऑगस्टच्या भाषणात ही गोष्ट ते दर वर्षी सांगायचे आणि फौजदार का परत गेला याचं उत्तर त्यात नसायचं. पोरं विचारायचीही नाहीत. फौजदार मूर्ख होता असं आम्ही गृहीत धरलं होतं.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं दोस्तांशी केलेला तह जाहीर झाला. कैद्यांच्या छावण्यांवरचे पहारे सुटले, दरवाजे उघडले, आणि जर्मन पोचायच्या आत हजारो माणसं डोंगरात शिरली. जी मागं राहिली त्यांना जर्मनांनी गाड्यांत घालून उत्तरेला नेलं. आबा डोंगरात गेले. आक्काआजीचं "मेंढरं राखत हुता" ते हे. अब्रुझ्झो हा मेंढपाळांचा मुलूख. उन्हाळ्यात कळप डोंगरावर आणि थंडी सुरू झाली की ठरलेल्या वाटांनी खाली पुलियाच्या मैदानात, थेट आपल्या माणदेशच्या धनगरांसारखं. शेतकरी आणि मेंढपाळ घरांनी या परक्या माणसांना गोठ्यांत, गुहांत, कोळशाच्या भट्ट्यांपाशी लपवलं, खायला घातलं. कैदी धरून देणाऱ्याला जर्मनांनी १,८०० लिरा बक्षीस लावलं होतं, आणि लपवणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. तरी ती माणसं लपवत राहिली. युद्धानंतर दोस्तांनी अशा घरांना भरपाई द्यायला एक आयोग नेमला. त्याच्याकडं आलेले अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कोणत्या घरानं किती कैद्यांना किती दिवस जेवू घातलं याचे ते हिशेब.

आबांना कोणत्या घरानं जेवू घातलं याचा कागद माझ्याकडं नाही. काटवट आहे.

आमच्या विहिरीच्या कडेला आबा दर वर्षी मक्याचे दोन वाफे करायचे. आमच्याकडं तेव्हा मका कुणी फारसा लावत नव्हतं. थंडी पडली, की त्याचं जाडसर पीठ दळून आणायचे आणि एक दिवस चुलीपाशी स्वतः बसायचे. एरवी ते चुलीपाशी कधी बसत नसत. मोठ्या पातेल्यात पाणी, मीठ, आणि मुठीमुठीनं पीठ सोडत लाकडी उलथन्यानं ढवळत राहायचं, हात भरून येईपर्यंत. घाटा घट्ट झाला की काटवटीत ओतायचे, पसरायचे, वर टोमॅटोचं कालवण. ताटल्या घ्यायच्या नाहीत. सगळ्यांनी काटवटीभोवती बसायचं आणि आपापल्या कडेनं आत खात जायचं. आजी सोवळ्यातली नव्हती, पण एका भांड्यात सगळ्यांनी हात घालायचा हे तिला आवडायचं नाही. तरी ती त्या दिवशी काही बोलायची नाही. आम्हाला तो आबांचा लाडका पदार्थ एवढंच माहीत. अब्रुझ्झोतल्या लोकांच्या जेवणाखाण्याविषयी वाचताना मला ते सापडलं. तिथं पोलेंता लाकडी फळीवर ओततात, वर टोमॅटोचा रस्सा, आणि घरातले सगळे भोवती बसून कडेकडून आत खात येतात. वाचलं आणि मी पुस्तक मिटून वडिलांना फोन लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तिथं पोरंबाळं असतील नाही त्या घरात?"

न्यूझीलंडची फौज १० जून १९४४ ला अवेझानोत पोचली. डोंगरातले कैदी खाली आले. आबा त्या सालच्या दिवाळीआधी घरी पोचले, असं आजी सांगायची. १९४६ मध्ये त्यांना पलटणीतून डिस्चार्ज मिळाला.

आबा का बोलले नाहीत, याची सोपी उत्तरं मला पुष्कळांनी दिली. लढाईत फार वाईट पाहिलेलं असतं. जुनी माणसं अशीच असतात. कैद होण्याची लाज असते. यांतलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मला वाटतं, ते ज्या काळात आणि ज्या घरात परत आले, त्याकडं आधी बघावं.

कैद्यांना फक्त उपासच सोसावे लागले असं नाही. सुभाषबाबू एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीत पोचले होते, आणि आफ्रिकेत धरलेल्या भारतीय कैद्यांतून त्यांची फौज उभी राहत होती. सॅक्सनीतल्या ॲनाबुर्गच्या छावणीतून ती भरती चालायची. पुढं ती ३,००० च्या आसपास गेली. इटलीतही इक्बाल शैदाई यांनी वेगळी बटालियन उभी केली होती, ती १९४२ च्या अखेरीला मोडली. म्हणजे तारांच्या आत प्रत्येक माणसासमोर प्रश्न उभा होता. राजाची शपथ, की देशाची हाक? हा प्रश्न शिकलेल्या पुढाऱ्यांनाही सुटला नव्हता. आमचे आबा अंगठा उठवणारे, बावीस वर्षांचे. आणि परत आलेल्या कैद्याला साहेब विचारायचे, की तू काय केलंस आणि तुझ्या शेजारच्यानं काय केलं? आझाद हिंद फौजेत गेलेल्यांची पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी झाली. लाल किल्ल्यात खटले चालले. त्या दिवसांत छावणीबद्दल तोंड उघडणं म्हणजे कुणाविरुद्ध तरी साक्ष देणं होतं. ज्यानं एकदा गप्प राहून कुणाला तरी वाचवलं असेल, त्याला नंतर चव्हाट्यावर गोष्टी सांगाव्याशा वाटतील, असं मला वाटत नाही.

मामांनी त्यांना एकदा हे विचारलं होतं. ते कसं झालं याच्या दोन हकिकती आहेत. मामांचा थोरला मुलगा सांगायचा, की मळ्यात मोट सोडून दोघं बसले होते, मामांनी विचारलं, "नेताजींची माणसं आली आसतील की. गेला का न्हाईस?" आणि आबा म्हणाले, "मला घरला यायचं हुतं." आक्काआजी म्हणायची, दादानं जबाबच दिला नाही, उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. मला दोन्ही खरं वाटतं. एका पावसाळ्यात विचारलं असेल तेव्हा तसं, दुसऱ्या पावसाळ्यात विचारलं असेल तेव्हा असं.

१९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले. मामांना मिळाला. गावात मोठा सत्कार झाला. मी तेव्हा फार लहान, पण आईनं सांगितलेलं आठवतं. मांडव आबांनी घातला. सतरंज्या आबांनी अंथरल्या. भाषणं सुरू झाली तेव्हा ते मागं, खांबाला टेकून उभे राहिले. बळदातली गोष्ट मामांनी नेहमीप्रमाणे सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या. कार्डाचं तेव्हाही कुणी बोललं नाही. मामांनी का नाही सांगितलं? मी त्यांच्यावर चिडलो होतो, बरीच वर्षं. आता तसं वाटत नाही. त्यांनी सांगितलं असतं, तर सभेतल्या एखाद्यानं विचारलं असतं, की मग हे इंग्रजांच्या बाजूनं लढत होते काय? आणि त्या मांडवात आबांना त्याचं उत्तर द्यायला लागलं असतं. मामा ते टाळत होते, असं मी धरून चालतो. आबांच्या दहाव्याला, कावळा शिवल्यावर, घाटावरच बसून त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा पुरी सांगितली. कार्डासकट. देव्हाऱ्यासकट. फौजदाराचे शब्द त्यांना पाठ होते.

ज्यांनी वडूजला छातीवर गोळ्या घेतल्या त्यांच्याशेजारी तोब्रुकच्या माणसांना बसवा, असं मी म्हणत नाही. दोघांनी वेगवेगळं केलं आणि त्याची किंमतही वेगवेगळी. पण त्या काळात आमच्यासारखी घरं तालुक्यात पुष्कळ होती, एकाच चुलीवर दोघांच्या भाकऱ्या भाजणारी. इतिहासाच्या पुस्तकात ती दोन वेगळ्या प्रकरणांत जातात, शाळेत तर एकच प्रकरण शिकवतात. त्यामुळं माझ्या पिढीला आपल्या आजोबाचं काय करावं हे कळलेलं नाही. शेजारच्या गावातल्या एका बाईंचे वडील आबांबरोबर एकाच पलटणीत होते. त्या मला म्हणाल्या, "आमच्याकडं मेडल हायती, पर कुनाला दावत न्हाई. लोक म्हंत्यात गोऱ्यांची चाकरी." मी त्यांना आफ्रिका स्टारची फीत दाखवायला सांगितली. वाळूच्या रंगावर मधोमध तांबडा पट्टा, त्याच्या एका बाजूला गडद निळा, दुसऱ्या बाजूला फिका. हा वाळूचा रंग कुठला, ते त्यांच्या नातवाला मी नकाशावर बोट ठेवून सांगितलं. त्यानं लगेच विचारलं, की तिथं पाऊस किती पडतो.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा वडिलांनी मला अडवलं होतं. ते आता नव्वदीच्या जवळ आहेत. "त्यांनी सांगितलं नाही, ते तू कशाला सांगतोस?" हा प्रश्न खरा होता आणि मी त्यावर बरेच दिवस थांबलो. मग त्यांना एवढंच म्हणालो, की आबा एकटे नव्हते. त्यांच्या पलटणीतले शेकडो होते, मेंढपाळांच्या त्या बायका होत्या, जहाजांतून बुडालेले होते. आबा गप्प राहिले म्हणून या सगळ्यांनी गप्प राहावं, असं आबांना वाटलं असेल का?

वडिलांनी काही उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी सकाळी चहा घेताना म्हणाले, "लिही. पण मामांचंही लिही. वडूजचं नीट लिही, नऊच्या नऊ नावं घाल. नुसतं यांचं लिहिलंस तर यांनाच आवडणार नाही."

हा लेख आबांचा झाला. मामांचा वेगळा लिहायला घेतला आहे. वडूजच्या हुतात्म्यांची नावं स्मारकावरून उतरवून आणली आहेत, आणि मामांच्या मुलीनं त्यांच्या भाषणांची वही द्यायचं कबूल केलं आहे.